वालावलकरांनी काय काय सोडलं

नंदकिशोर वालावलकरने आयुष्यात पहिल्यांदा जे सोडलं ते पडवळ. वडिलांच्या अस्थी घेऊन आईबरोबर काशीला गेला होता, तेव्हाची गोष्ट. गंगेच्या पाण्यात उभं करून भटजींनी विचारलं, "बोला, काय सोडता?" काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी सोडायची, ही रीत. आईने बिचारीने फणस सोडला. कोकणातल्या बाईने फणस सोडायचा म्हणजे खायची गोष्ट नव्हे. मरेपर्यंत तिने पुन्हा गऱ्याला हात लावला नाही. नंदकिशोरने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पडवळ." पडवळ त्याला जन्मात कधी आवडलं नव्हतं. लहानपणी ताटात पडलं तर तो गुपचूप मांजराला घालायचा, आणि मांजरही ते खात नसे.

पण खरी मजा पुढेच आहे. परत आल्यावर कुणाच्या पंगतीत पडवळ वाढायला आलं की हा ताटावर हात आडवा धरायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, "नको. काशीला सोडलंय." त्याबरोबर पंगतीत क्षणभर शांतता. वाढणारी बाई हळहळायची, शेजारचा म्हातारा मान डोलवायचा, आणि पानात एक लाडू जास्त पडायचा. त्या शांततेची आणि लाडवाची त्याला चटक लागली, ती कायमची.

लग्न त्याने छत्तिसाव्या वर्षी केलं. आधी दोन बहिणी उजवल्या, मग सिडकोच्या सोडतीत ऐरोलीला घर लागलं, मग त्या घराला ग्रिल लागली, मग बोहल्यावर चढला. "नंद्या, वय चाललं," असं कुणी म्हणालंच तर उत्तर तयार: "पुरुषाला कसलं आलंय वय? पुरुष आणि लोणचं, मुरेल तेवढं चांगलं." मुरलेल्या लोणच्याला बायको मिळाली सत्तावीस वर्षांची. जयमाला तिचं नाव. शांत, कामाला वाघ, आणि बोलायची कमी. पण बोलली की एकदाच बोलायची.

रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत हा स्टोअरकीपर. दिवसभर खुर्चीत बसून पावत्यांवर सह्या करायच्या आणि माणसं ताटकळत ठेवायची. संध्याकाळी घरी आला की सोसायटीत मोठं नाव. कारण दरवर्षी गणपतीत आरतीनंतर चेअरमन रावसाहेब माइक हातात द्यायचे आणि नंदकिशोर यंदा आपण काय सोडलं ते जाहीर करायचा. एका वर्षी चहातली साखर सोडली. (गूळ चालू होता.) एका वर्षी सोमवारी भात सोडला. (वरीचे तांदूळ भात नव्हेत.) एका श्रावणात चप्पल सोडली आणि कंपनीच्या बसपर्यंत अनवाणी गेला, कंपनीचे बूट पिशवीत होते, ते बसमध्ये चढवले. रावसाहेब मूळचे कोल्हापूरकडचे, भोळा माणूस. त्यांच्या डोळ्यांत दरवर्षी पाणी यायचं. "वालावलकरसाहेब म्हणजे त्यागी पुरुष," असं ते म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या.

एक गोष्ट मात्र या त्यागी पुरुषाने कधी सोडली नव्हती, सोडायचा विचारही केला नव्हता. तंबाखू. सकाळी डोळा उघडायच्या आधी हात उशीखाली जायचा. तळहातावर चुना घेऊन मळणं, दोन टाळ्या मारून भुकटी उडवणं, ओठाआड बार भरणं, यात दिवसाचे सगळे महत्त्वाचे क्षण गेलेले. कंपनीच्या गेटपाशी पंढरी नावाचा वॉचमन होता, परभणीकडचा. दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच पुडीतून खायचे, बारा वर्षांचा रिवाज. एकादशीला कुणी हटकलं तर नंदकिशोर म्हणायचा, "तंबाखू वनस्पती आहे. उपवासाला चालते." शनिवारी दिघ्याच्या बारमध्ये एक क्वार्टर, आणि रोज सकाळी गीझरचं कढत पाणी, इतकं कढत की अंगाला हात लावला तर भाजावा. मोरीचं दार उघडलं की वाफेतून हा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, "पुरुषाने अंग शेकून काढावं. कणखर राहतं."

लग्नाला वर्ष झालं, तीन झाली, सहा झाली. पाळणा हलेना.

आता आपल्याकडे पाळणा हलत नाही म्हटल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. सगळ्यांच्या माना वळल्या त्या जयमालाकडे. नंदकिशोरची चारूआत्या ठाण्याला राहायची, पंधरवड्याला बस पकडून यायची आणि सोफ्यावर मांडी घालून निकाल द्यायची. "माड लावलो बरो, पण जमनीतच खोट असा. माड काय करतलो?" जयमाला आत पोळ्या लाटत ऐकायची. मग आत्याच उपाय सांगायची आणि जयमाला ते करायची. सोळा सोमवार झाले, तेही अळणी. गावच्या देवीला नारळ, इथे वडाला दोरे. मासे सोडले, भात सोडला, एका वर्षी तर केसांत फूल माळणं सोडलं. आणि तिचं सोडणं म्हणजे सोडणं. त्यात गूळ नव्हता की वरी नव्हती. तिला माइक कुणी दिला नाही.

वरच्या मजल्यावर राजश्री नावाची शेजारीण होती, तिच्या डोहाळजेवणाला जयमाला सकाळपासून पुऱ्या तळत होती. ओटी भरायची वेळ आली तशा सगळ्या बायका पुढे झाल्या. जयमालाही हात पुसत उठली, तेव्हा राजश्रीची सासू गोड आवाजात म्हणाली, "जयमाला, तू जरा पुऱ्यांकडे बघ गं, जळतील." गॅस तर तिने कधीच बंद केला होता. ती आत गेली आणि थंड तेलासमोर उभी राहिली. घरी येऊन तिने हे नंदकिशोरला सांगितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "लोकांचं काय मनावर घेतेस? मी तुला कधी बोललोय का?"

खरंच बोलला नव्हता. ते त्याला फार मोठं वाटायचं.

सगळीकडे गणपती दूध प्यायला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. जयमाला वाशीला डॉक्टर स्मिता म्हणून एक बाई होत्या त्यांच्याकडे एकटीच जाऊन आली. सगळ्या तपासण्या करून घेतल्या. संध्याकाळी त्याला चहा देताना म्हणाली, "माझं सगळं व्यवस्थित आहे. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलंय."

"मला?" नंदकिशोरने कप खाली आदळला. "मला काय धाड भरलीय? त्रेचाळिसाव्या वर्षी दोन जिने एका दमात चढतो मी."

"जिन्याचं नाही विचारत त्या," जयमाला म्हणाली.

गेला शेवटी. बाई डॉक्टर म्हणजे आधीच अर्धा मेला. त्यात नर्सने हातात एक छोटी बाटली दिली आणि मागची खोली दाखवली. खोलीत एक खुर्ची, एक बेसिन, आणि भिंतीवर वाण्याच्या दुकानाचं लक्ष्मीचं कॅलेंडर. लक्ष्मी सरळ त्याच्याकडेच बघत होती. नंदकिशोरने हात जोडून तिची माफी मागितली, कॅलेंडर उलटं केलं, आणि एकदाचं काम उरकलं. येताना कॅलेंडर सुलटं करायला विसरला, या गोष्टीची रुखरुख त्याला पुढे कितीतरी दिवस होती.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "काउंट कमी आहे. आणि जे आहेत ते आळशी आहेत. जागचे हलत नाहीत."

कमी म्हटलेलं एक वेळ त्याने गिळलं असतं. पण आळशी! वालावलकरांच्या घराण्याला आजवर कुणी आळशी म्हटलं नव्हतं. "बाई, पुरुषाला वय नसतं म्हणतात," तो कसाबसा म्हणाला.

"कोण म्हणतं? पुरुष म्हणतात. वय पुरुषाचंही होतं, वालावलकर. फक्त त्याची पाळी जात नाही, म्हणून त्याला कळत नाही. वयाचं मी काही करू शकत नाही. पण बाकीचं तुमच्या हातात आहे." मग त्यांनी बाकीचं विचारून घेतलं. तंबाखू किती, दारू किती, बसणं किती, आंघोळ कशी. कढत पाण्याचं ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवलं. "अहो, निसर्गाने ती जागा शरीराच्या बाहेर का ठेवलीय? थंड राहावी म्हणून. आणि तुम्ही रोज तिचा रस्सा करताय." तंबाखू बंद, दारू बंद, कोमट पाणी, रोज तासभर चालणं, पोट कमी. "शरीरात हा माल तयार व्हायला तीन महिने लागतात. आज सुधारलात तर फळ तीन महिन्यांनी दिसेल. खात्री देत नाही. पण न सुधारलात तर मात्र खात्री देते."

बाहेर वाशीच्या बस स्टॉपवर दोघं उसाचा रस पीत उभी राहिली.  मग जयमाला म्हणाली, आणि मी म्हटलंच ना, ती एकदाच बोलायची:

"मूल होईल न होईल, देवाची मर्जी. मला एकच पाहिजे. आत्याबाईंसमोर आणि सोसायटीसमोर एकदा तुमच्या तोंडून सांगा की खोट जयमालात नाही. सात वर्षं ऐकतेय मी. आता नाही ऐकवत."

 रसाचा ग्लास खाली ठेवून नंदकिशोर म्हणाला, "सांगतो ना. पण असं उगाच कसं सांगणार? मूल होऊ दे. बारशाला सांगतो. माइकवर सांगतो, बस्स?"

"शब्द?"

"शब्द," नंदकिशोर म्हणाला. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं. बारसं लांब होतं.

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. पण नेम काय कधीही धरतात? नेम आषाढी एकादशीला धरतात. म्हणून तंबाखू आषाढीपर्यंत चालू राहिली, उलट आता सोडायचीच आहे म्हणून जरा जास्तच चालली. एकादशीच्या संध्याकाळी त्याने सोसायटीच्या भजनात उठून जाहीर केलं की, या चातुर्मासात मी तंबाखू आणि मद्य वर्ज्य करत आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. रावसाहेबांनी गहिवरून सांगितलं, "लोककल्याणासाठी!" टाळ्या पडल्या. जयमाला मागे बायकांत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही.

आणि मग सुरू झाल्या पळवाटा. साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास करणारी आपण माणसं, आपल्याला काय शिकवायचं! तंबाखू सोडली, पण मिश्री, तंबाखू भाजून केलेली असली तरी, दातांसाठी असते. ती सकाळी लावली, दुपारी लावली, आणि दातांची काळजी एवढी वाढली की रात्री झोपतानाही लावली. गुटख्याच्या पुडीवर तर पान मसाला लिहिलेलं असतं. मद्य सोडलं; बिअरला मद्य कोण म्हणतं, ते जवाचं पाणी. आंघोळीला कोमट पाणी घेतलं. पण पावसाळ्यात सर्दी होते, सर्दीला वाफारा लागतो, आणि वाफारा घ्यायचा तर ब्लँकेटच्या आत बादलीवर बसून नीट घ्यावा, असं त्याने स्वतःच ठरवलं. चालणं मात्र मनापासून केलं. वडापावच्या गाडीपर्यंत आणि परत. डॉक्टरांना यातलं काही विचारलं का? नाही. विचारलं की नाही म्हणतात, एवढं त्याला कळत होतं.

कार्तिकीला नेम संपला, उद्यापन म्हणून त्याने ब्राह्मणाला चांदीची चुन्याची डबी दान दिली. पुन्हा बाटली, पुन्हा ती खोली. या खेपेला लक्ष्मीच्या जागी गणपती होता. रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर सरकवला. "होते तिथेच आहेत. उलट थोडे कमीच. वालावलकर, तुम्ही मला फसवलंत असं नाही म्हणणार मी. मला काय, मी फी घेते. बाई चौतीस वर्षांच्या आहेत. त्यांची वर्षं तुम्ही खाताय, तंबाखूबरोबर."

 मोरीतल्या मिश्रीच्या डबीवर जयमालाची नजर आधीच पडलेली होती. दुसऱ्या दिवशी सोमवार. चारूआत्या आली होती. जयमालाने बाजारातून बोंबील आणले, अर्धे तळले, अर्ध्यांचं कालवण केलं, आणि भर सोमवारी आत्यासमोर पान वाढून जेवायला बसली. आत्याचा आ वासलेला. "गो, सोमवार ना तुझो?"

"होता," जयमाला म्हणाली. "आत्याबाई, मी आजपासून काही धरत नाही आणि काही सोडत नाही. मला भूक लागलीय." आणि तिने भातावर कालवण ओतून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जेवत होती.

नंदकिशोर दारात उभा होता. त्याने तिला रडताना पूर्वी पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं. पण हे काहीतरी वेगळं होतं. तिने आशाच सोडली होती. आणि तिचं सोडणं म्हणजे सोडणं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?  त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटते तेव्हा पंगतीत शांतता पसरत नाही, हेही कळलं.

त्या संध्याकाळी त्याने मिश्री, गुटखा, उशीखालची पुडी सगळं संडासात ओतून पाणी सोडलं. कुणाला सांगितलं नाही. जयमालालाही नाही. ना मुहूर्त, ना माइक.

अहो, काय हाल झाले म्हणून सांगू! पहिले आठ दिवस सकाळी पोटच साफ होईना. तंबाखूशिवाय जायची सवयच नव्हती आतड्यांना. तोंड आलं. हात थरथरायचे. ऑफिसात एका पावतीवर त्याने आपलं नाव सोडून वडिलांचं नाव लिहिलं. थंड पाण्याने आंघोळ करताना असा ओरडायचा की राजश्रीच्या सासूने वरून विचारलं, काही पडलं का? खाडीच्या बाजूला पहाटे तासभर चालून यायचा, तोंडात बडीशेप, ती चघळून चघळून जबडा दुखायचा. शनिवारी दिघ्याची बस आली की तोंड फिरवून उभा राहायचा. आणि गंमत बघा: पडवळ सोडलं तेव्हा आळीने कौतुक केलं, आणि हे सोडलं तर कुणाला पत्ता नाही. उलट लोक म्हणायला लागले, वालावलकर खंगले, काहीतरी मोठा आजार असणार. रावसाहेब भेटून गेले, नारळपाणी देऊन गेले. यंदा काय सोडलंत असं त्यांनी विचारलं, तेव्हा ओठावर आलेलं वाक्य त्याने गिळलं. काय सोडलं ते सांगावं तर का सोडलं तेही सांगावं लागलं असतं.

सांगावं लागलं ते फक्त पंढरीला. दुपारी पंढरीने नेहमीसारखी मळलेली तंबाखू पुढे केली. हा म्हणाला, नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी पंढरीचा चेहरा उतरला. त्याने हात मागे घेतला आणि हलकेच म्हणाला, "साहेब, बारा वर्षं खाल्ली. आता आमच्या हातची नको झाली व्हय?"

 हा काय समजून बसला! आजूबाजूला कुणी नाही असं बघून नंदकिशोरने पंढरीला सगळं सांगून टाकलं. खोट माझ्यात आहे, बायकोत नाही, सगळं सगळं. पंढरीने ऐकून घेतलं. हसला नाही, हळहळला नाही. "असतंय असं," एवढंच म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचं बी असंच व्हतं. त्यानं बायकू बदलली, सवय न्हाई बदलली. आजून तसाच हाय." आणि हातातली तंबाखू त्याने झटकून टाकली. त्या दिवसापासून दुपारी तोही नंदकिशोरसमोर खात नसे.

दोनेक महिन्यांनी जयमालाच्या लक्षात आलं. उशी झटकताना चुन्याचा कण नाही, शर्टाच्या खिशाला डाग नाही.  त्या दिवशी जेवताना तिने त्याला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, आणि नंदकिशोरला तो काशीनंतरच्या सगळ्या लाडवांपेक्षा गोड लागला.

पुढच्या पावसाळ्यात जयमालाला दिवस राहिले. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी बोट वर करून दटावलं, "आता परत सुरू करू नका, तिच्यासमोर तंबाखू नि थुंकणं नको." नंदकिशोर मुलीकडे बघत राहिला. इवलेसे हातपाय सारखे हलत होते. आळशी नव्हती.

बारसं सोसायटीच्या आवारात. मांडव, पाळण्याला मोगऱ्याच्या माळा, घुगऱ्यांचा घमघमाट, आणि अर्थातच माइक. सगळी आली होती. रावसाहेब सफारीत, राजश्रीची सासू पुढच्या खुर्चीवर, पंढरी बायकोला घेऊन मागे उभा. आत्याने पाळण्यात वाकून मुलीचं नाव श्रुती ठेवलं आणि बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पयली बेटी, धनाची पेटी. बायचो दोष गेलो एकदाचो! देवीक नारळ पावलो."

जयमालाने मान वर केली आणि नंदकिशोरकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

 नंदकिशोरची जीभ ओठाआड बार शोधत होती. त्याने पुढे होऊन माइक हातात घेतला. "हॅलो," तो म्हणाला. "मला एक सांगायचंय. दोष... दोष जयमालात कधीच नव्हता. माझ्यात होता. तंबाखूने, दारूने, माझ्या सवयींनी. आणि वयाने. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तिने सात वर्षं उगाच ऐकून घेतलं. मी ऐकू दिलं."

मांडवात शांतता पसरली. अगदी तीच, पंगतीतली.

मग रावसाहेबांनी रुमाल काढला. डोळे पुसत ते पुढे आले आणि त्यांनी नंदकिशोरच्या हातातून माइक घेतला. "ऐकलंत मंडळी? ऐकलंत? बायकोचा दोष चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेणारा असा पुरुष पाहिलाय कधी? आजवर या माणसाने साखर सोडली, भात सोडला, आणि आज, आज अब्रूसुद्धा सोडली! बायकोसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, नाही, खरंच माझ्यात..." नंदकिशोर ओरडला, पण माइक आता त्याच्याकडे नव्हता. "बघा, बघा, अजून म्हणतायत!" राजश्रीची सासू पदराने डोळे टिपत म्हणाली. त्याने कळवळून हात जोडले, तर लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या. गर्दीच्या मागे एकटा पंढरी हात खाली सोडून उभा होता. रावसाहेबांनी सोसायटीच्या ऑफिसातून शाल आणि नारळ मागवला. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. काय करावं ते न सुचून नंदकिशोरने तो नारळ तसाच नेला आणि जयमालाच्या ओटीत ठेवला. त्यावर तर बायका मुसमुसायलाच लागल्या.

आत्या जयमालाच्या कानाशी वाकली. "असो घोव, असो नवरो मेळूक नशीब लागता गो बाय. एवढी खोट आसान तुका टाकल्यान नाय."

जयमालाने ओटीतला नारळ बाजूला ठेवला. पाळण्यातून मुलीला उचलून खांद्यावर घेतलं. नंदकिशोर तिच्या पुढ्यात उभा होता, रडवेला, काहीतरी बोलू बघणारा. त्याला तिने हळू आवाजात, जवळजवळ मायेने सांगितलं, "पुरे आता. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आणखी काही करू नका. जे कराल त्याचा हार तुमच्याच गळ्यात पडणार, आणि खोट माझ्याच नावावर राहणार."

आणि ती मुलीला पाजायला घरात निघून गेली.

मे महिन्यातली दुपार. खाडीवरून वारा नाही की काही नाही, आणि अंगावर ती जाड लोकरी शाल. डॉक्टरीणबाईंनी उष्णता टाळायला सांगितली होती. लोक एकेक करून येत होते, पाया पडत होते, घुगऱ्या घेऊन जात होते. नंदकिशोर घामाने निथळत उभा होता. शाल काढून फेकावी असं त्याला फार वाटत होतं. पण त्याने ती शेवटचा पाहुणा जाईपर्यंत अंगावरून काढली नाही. काढली असती, तर लोक म्हणाले असते, बघा, मानसुद्धा सोडला.